साच्याशिवायचा टार्ट आणि लोण्याचा प्रश्न

लाल टोपीवाली मुलगी आणि लांडगा ही गोष्ट आपण सगळ्यांनी मुलांना सांगितली, आता नातवंडांना सांगतो. सांगताना तिच्या टोपलीत आपण 'खाऊ' घालतो आणि पुढे जातो. पण शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली ही गोष्ट छापली तेव्हा टोपलीतल्या वस्तू नेमक्या सांगितल्या होत्या. एक गॅलेट आणि लोण्याचं लहानसं मडकं. आजारी आजीला पाठवायला आईने घरात जे होतं ते दिलं.

आजचा लेख या दोन वस्तूंवरच आहे. गॅलेटवर, आणि त्याहून जास्त लोण्यावर.

गॅलेट म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आजकाल मोबाईलवर त्याचे व्हिडिओ पुष्कळ दिसतात पण नाव लक्षात राहत नाही. मैद्याची पारी लाटायची, गोल झाली तर उत्तम, नकाशासारखी झाली तरी चालते. मध्ये फळांच्या फोडी, साखर. कडेची तीन-चार बोटं मोकळी ठेवून ती कड आत दुमडत जायची, फळं मध्ये उघडीच राहतात. तसंच उचलून ट्रेवर आणि ओव्हनमध्ये. साचा नाही, कातरलेली कड नाही, वर जाळी नाही. या प्रकाराला इंग्रजीत 'रस्टिक' म्हणतात. आपल्या भाषेत गावठी. गावठी तूप म्हटलं की आपण दोन पैसे जास्त देतो आणि गावठी माणूस म्हटलं की नाक मुरडतो, तसंच या शब्दाचं तिकडेही झालेलं आहे. कधी तो कमीपणाचा होता, आज मिरवण्याचा आहे. हा बदल कसा झाला ते बघण्यासारखं आहे.

गॅलेट हा शब्द 'गाले' या शब्दाशी जोडतात. गाले म्हणजे नदीकाठी किंवा समुद्रकाठी मिळणारा गुळगुळीत गोटा. त्या आकाराचा चपटा, गोल पदार्थ तो गॅलेट. म्हणूनच फ्रान्समध्ये या एका नावाखाली निरनिराळे पदार्थ सापडतात. ब्रिटनी भागात गॅलेट म्हणजे कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं. त्याच भागात लोण्याच्या खुसखुशीत बिस्किटालाही गॅलेटच म्हणतात. ६ जानेवारीच्या सणाला करतात तो 'राजांचा गॅलेट', त्यात एक दाणा लपवलेला असतो आणि ज्याच्या वाट्याला तो येईल तो त्या दिवसाचा राजा. घरातलं सर्वांत लहान मूल टेबलाखाली बसून कुठला तुकडा कुणाला ते सांगतं, म्हणजे लबाडी नको. राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यात दरवर्षी मोठा गॅलेट येतो, त्यात मात्र दाणा घालत नाहीत. प्रजासत्ताकात राजा कसा चालेल! आणि गंमत म्हणजे फळं घालून कड दुमडलेल्या ज्या पदार्थाला जगभर गॅलेट म्हणायची पद्धत पडली, त्याला खुद्द फ्रेंच माणूस बऱ्याचदा साधं 'तार्त रुस्तिक', म्हणजे गावठी टार्ट, असं म्हणतो.

मी कॉमर्सची. इतिहास वाचताना माझं लक्ष आधी खर्चाकडे जातं. साच्याशिवाय टार्ट का करत, याचं सौंदर्याशी काही देणंघेणं नव्हतं. साचा नव्हता म्हणून. आणि साचाच काय, भट्टीही नव्हती. युरोपातल्या सामान्य घरात शेकोटी असायची, तिच्यावर हंडी टांगलेली. चपटी भाकरी किंवा गॅलेट तापल्या दगडावर नाहीतर निखाऱ्याच्या राखेत भाजायचा. आपल्याकडे पानगे, रोडगे, बट्टी ज्या विचाराने होतात त्याच विचाराने. भट्टी हवी असेल तर ती गावच्या जमीनदाराची. मध्ययुगीन फ्रान्समध्ये कित्येक ठिकाणी कायदाच असा होता की धान्य त्याच्याच गिरणीत दळायचं, द्राक्षं त्याच्याच घाण्यात पिळायची आणि पाव त्याच्याच भट्टीत भाजायचा, वर प्रत्येकाचं शुल्क द्यायचं. घरी भट्टी बांधाल तर दंड. या हक्कांना 'बानालिते' म्हणत. १७८९च्या क्रांतीनंतर ते मोडायला सुरुवात झाली आणि १७९३मध्ये नुकसानभरपाईशिवाय पूर्ण रद्द झाले. म्हणजे आपण बटण दाबून ज्या ओव्हनला १८० का २०० असा विचार करत बसतो, तो घरात असणं हा तिथल्या बाईसाठी कित्येक शतकं प्रश्नच नव्हता. पीठ मळून, फडक्यात गुंडाळून, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. अशा भट्टीत पावाच्या आधी कणकेची पातळ चकती टाकून ताव बघायचा रिवाज होता. आल्सास भागातला कांदा-मलईचा पातळ टार्ट असाच भट्टीची परीक्षा घेता घेता जन्माला आलेला आहे. ताव बघायला टाकलेल्या त्या चकतीवर कोण साचे आणि नक्षी करत बसणार?

साचा नव्हता तर उंच भिंतीचे टार्ट कसे उभे राहत? याचं उत्तर इंग्लंडमध्ये आहे आणि ते वाचून मी हसले होते. तिथे घट्ट, जाड पिठाची पेटीच उभी करत. तिला शब्द होता 'कॉफिन'. आज त्याचा अर्थ शवपेटी, तेव्हा नुसती पेटी. ही भिंत इतकी टणक असे की बऱ्याचदा ती खाण्यापेक्षा आतलं टिकवायलाच उपयोगी पडे. १४व्या शतकाच्या अखेरच्या एका इंग्रजी हस्तलिखितात सफरचंदाच्या टार्टची कृती आहे: सफरचंद, नाशपाती, मनुका, अंजीर, मसाले, केशर, सगळं त्या पेटीत भरून भाजायचं. साखरेचं नाव नाही! साखर तेव्हा औषधाच्या भावाने मिळायची, गोडी सुक्या फळांची. (अंजीर आपल्याला चालत नाही, पंच-उदुंबरांत येतो. तो वगळला तर ही सहाशे वर्षांपूर्वीची कृती आपल्या घरात जशीच्या तशी बसेल, पिठात काय घातलं होतं तेवढं विचारू नका.)

इटलीत याच कुळाचा पदार्थ क्रोस्ताता. बार्तोलोमेओ स्काप्पी हा पोपच्या स्वयंपाकघराचा प्रमुख. त्याचा जाडजूड ग्रंथ १५७० साली व्हेनिसमध्ये छापला गेला आणि त्याचा एक अख्खा भाग पेस्ट्रीवर आहे. क्रोस्तातांचे किती प्रकार! शिवाय भांड्याकुंड्यांची चित्रं, कढया, झारे, चाकू, कणीक कापायची चाकं. चित्रं बघावीत आणि आपल्या ओट्याकडे बघावं. पोपच्या स्वयंपाकघरात जे होतं ते गावातल्या घरात नव्हतं, हे मात्र ग्रंथात लिहिलेलं नाही. पाककृतींच्या जुन्या पुस्तकांचं हेच दुखणं आहे. ती लिहिली राजवाड्यातल्या पुरुषांनी. रोज करणारी बाई लिहीत नव्हती. तिला लिहायची गरजही नव्हती, तिच्या हाताला माहीत होतं.

शहरांत तर पेस्ट्री हा कुणीही उठून करायचा धंदा नव्हता. पॅरिसमध्ये पेस्ट्रीवाल्यांचा स्वतंत्र संघ होता, त्याचे नियम, शिकाऊ उमेदवारीची वर्षं, कोण काय विकू शकतो याची कुंपणं. १७९१ला क्रांतीच्या सरकारने हे सगळे संघ बरखास्त केले. संघाचा माणूस नीट कातरलेली कड, एकसारखी चुणी, चकाकी यावर आपली किंमत वसूल करायचा. ओबडधोबड कड म्हणजे शिकाऊ पोराची कड. १६५३ मध्ये फक्त पेस्ट्रीवर पहिलं फ्रेंच पुस्तक आलं, त्यावर लेखकाचं नाव नव्हतं, पण ला व्हारेन या नावाजलेल्या स्वयंपाक्याच्या नावावर ते खपलं. त्यात मापं आणि ताव यांचा इतका तपशील आहे की त्या काळी हे नवलच. म्हणजे व्यापारातलं गुपित आता कागदावर येऊ लागलं.

घरात साचा पोचला तो बऱ्याच उशिरा. कल्हईच्या पत्र्याचे स्वस्त डबे-साचे वेल्सच्या कारखान्यांतून १९व्या शतकात जगभर गेले, त्याच शतकात भट्टीचा कप्पा असलेल्या ओतीव लोखंडाच्या चुली मध्यमवर्गीय घरांत आल्या. तेव्हा कुठे गृहिणीला दुकानासारखा गोल, नागमोडी कडेचा टार्ट घरी करता आला. साहजिकच तिला तो करावासा वाटला. नव्या कपबश्या आल्यावर आपण फुलपात्री मागे सारली, तसंच.

त्या काळात गॅलेट रस्त्यावर मात्र मजेत होता. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर एका पवनचक्कीचे मालक आपल्याच पिठाचे गॅलेट आणि दुधाचा पेला विकत. पुढे दुधाची जागा वाइनने घेतली, नाच सुरू झाले आणि जागेचं नावच गॅलेटची पवनचक्की पडलं. रेन्वारने १८७६मध्ये तिथल्या रविवारच्या गर्दीचं चित्र काढलं, ते आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. आणि माझ्या विषयातलं सांगायचं तर फ्रेंच बोलीत गॅलेट म्हणजे पैसा. आपण चिल्लर म्हणतो, रोकडा म्हणतो, ते गॅलेट म्हणतात.

आता लोण्याकडे येते. माझ्या सुनेने हा पदार्थ मला पहिल्यांदा मोबाईलवर दाखवला तेव्हा तिचा प्रश्न एकच होता, "आई, अंडं नाहीये यात. आपल्याला चालेल ना?" खरंच अंडं नाही. मैदा, लोणी, मीठ, गार पाणी, एवढंच. वरून कडेला अंड्याचा हात फिरवतात तो दुधाचा फिरवला की झालं. पण अंड्यापाशी आपण फार लवकर समाधान मानतो. मद्य, मांस, मध आणि लोणी या चार महाविगयी आपल्याकडे सांगितल्या आहेत, आणि त्यांतली चौथी या पदार्थाचा प्राण आहे. लोणी काढलं की दोन घटकांच्या आत, म्हणजे ४८ मिनिटांत, कढवायला ठेवायचं हे माझ्या सासूबाईंनी मला घड्याळ दाखवून शिकवलं. बाजारातलं बटर महिनोन्महिने आधीचं. ते पुष्कळ जैन घरांत येतं हे मला ठाऊक आहे, मी कुणाचा फ्रिज तपासायला जात नाही. पण आमच्या घरात येत नाही.

मला वाटायचं, लोण्यावरून असं अडणारे जगात आपणच. तसं नाही. मध्ययुगात रोमन चर्चने ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाबरोबर दूध, लोणी, अंडी हेही वर्ज्य केलं होतं. कारण आपल्यापेक्षा वेगळं, जीवहिंसेचं नव्हे तर देहदंडाचं. इटलीत त्याचं काही वाटत नसे, तिथे ऑलिव्हचं तेल मुबलक. पण नॉर्मंडी, जर्मनी इथे तेल कुठून आणायचं? मग परवानगी विकत मिळू लागली. रूआं शहराच्या मोठ्या चर्चचा एक मनोरा १५व्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतला आणि पुढच्या शतकाच्या सुरुवातीला पुरा झाला, त्याला आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणतात. उपवासात लोणी खाण्याच्या मुभेसाठी लोकांनी दिलेल्या पैशांतून तो उभा राहिला म्हणून. मार्टिन लूथरने १५२०च्या आपल्या जाहीर पत्रात या प्रकारावर टीका केली. त्याचा राग असा की रोममध्ये बसलेले लोक स्वतः उपवासाची थट्टा करतात, इकडच्यांना बुटाला लावायच्याही लायकीचं नसलेलं तेल खायला लावतात आणि मग लोण्याची मुभा विकतात.

हे वाचल्यावर मी बराच वेळ विचार करत होते. नियम पाळायचा तर पाळावा, सोडायचा तर सोडावा, पण पावती फाडून सोडायचा हा हिशेब माझ्या कॉमर्सच्या डोक्यालाही पटला नाही. दुसरं लक्षात आलं ते जास्त उपयोगाचं. म्हणजे गॅलेट करणाऱ्या सगळ्या बायका काही बारा महिने लोणी वापरत नव्हत्या. कुठे तेल, कुठे चरबी, कुठे लोणी, ज्या मुलखात जे निघतं आणि ज्या दिवशी जे चालतं ते. चरबीचं नाव आपण काढायला नको, पण मुद्दा कळला. 'खरा गॅलेट लोण्याचाच' हे म्हणणं अलीकडचं आहे.

आणि ते कुठून आलं तेही सापडतं. २८ ऑगस्ट १९७१ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात एका जुन्या घरात अ‍ॅलिस वॉटर्स या तरुण बाईने 'शे पानीस' नावाचं उपाहारगृह उघडलं. ती फ्रान्समध्ये राहून आलेली, शाळेत शिकवलेली, स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण नाही. पहिल्या रात्री सगळ्यांना एकच ठरलेलं जेवण, ३ डॉलर ९५ सेंट, आणि शेवटी गोड म्हणून आलुबुखारचा टार्ट. तिथलं गोडाधोडाचं खातं लिंडसी शीअर यांच्याकडे होतं. १९८५मध्ये त्यांचं शे पानीसच्या गोड पदार्थांचं पुस्तक आलं. त्यांचा सगळा भर फळावर. फळ त्या दिवशी, जवळच्या बागेतून, पिकलेलं हवं, आणि कणकेने त्याच्यावर कुरघोडी करू नये. अशा ठिकाणी दुमडलेल्या कडेचा उघडा टार्ट शोभून दिसला. हळूहळू अमेरिकेत तो गॅलेट या नावाने घरोघरी गेला. ज्यूलिया चाइल्ड यांच्या कार्यक्रमावरून १९९६ साली निघालेल्या पुस्तकात बेरींचा एक गॅलेट आहे, त्याच्या पिठात मक्याचं पीठही पडतं.

त्या शहाण्या बायकांचं मला कौतुक आहे. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जमीनदाराच्या भट्टीपुढे रांगेत उभी असलेली बाई तोच टार्ट करायची तेव्हा तो गरिबीचा होता. साचे, ओव्हन, फ्रिज सगळं घरात असताना मुद्दाम साचा बाजूला ठेवून केला तेव्हा तो अभिरुचीचा झाला. भाकरीचंही आपल्या डोळ्यांदेखत असंच झालं की नाही? माझ्या लहानपणी पाहुणे आले की ज्वारीची भाकरी झाकून ठेवत. आता तीच हॉटेलात थाळीत मिरवते आणि ताटाचा भाव वाढवते.

बरं, आता तुपाचं. लोण्याऐवजी तूप घातलं की झालं, असं सोपं नाही. लोण्यात साधारण १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं. थंडगार लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात तसेच राहिले की भट्टीत त्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रा उचलला जातो. तूप म्हणजे पाणी आटवलेलं लोणी, त्यात पाणी नावालाही नाही. ते पिठात मिसळून जातं आणि पदार्थ खुसखुशीत होतो, पापुद्र्याचा होत नाही. खारी आणि नानकटाई यांतला फरक तोच हा. तुपाचं नुसतं मोहन घालून केलेला गॅलेट नानकटाईकडे झुकतो, आणि आत रसाळ फळ आलं की त्याचा भुगा होतो.

याचा तोडगा परदेशी पुस्तकात शोधायची गरज नाही, तो दिवाळीच्या डब्यात आहे. साटा! चिरोट्याला आणि साट्याच्या करंजीला पापुद्रे कशाने सुटतात? तूप फेसून त्यात तांदळाची पिठी घातली की तो लेप पाऱ्यांच्या मधे बसतो, पाऱ्या एकमेकींना चिकटू देत नाही, आणि पारीतल्या पाण्याची वाफ त्यांना उचलते. लोण्याने जे काम केलं असतं ते तूप आणि पिठी मिळून करतात. आपल्या आज्यांनी लोण्याची बंदी आणि पापुद्रा या दोन्ही गोष्टी कधीच एका घरात नांदवल्या होत्या, फक्त त्याला कुणी फ्रेंच नाव दिलं नाही.

मी करते ते असं. दीड वाटी मैद्याला तीन चमचे थिजलेलं तूप चोळायचं, चिमूटभर मीठ, चमचाभर साखर, आणि गार पाण्याने पुरीपेक्षा जरा सैल मळून झाकून ठेवायचं. दोन चमचे तूप हाताने पांढरं होईपर्यंत फेसून त्यात दीड-दोन चमचे तांदळाची पिठी. कणकेच्या तीन पातळ पोळ्या, प्रत्येकीवर साटा, एकावर एक. त्यांची तिहेरी घडी घालून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये, मग एकच मोठी पोळी लाटायची, फार दाबून नाही. तिच्या मधल्या भागावर दोन चमचे बदामाची पूड किंवा भाजलेला बारीक रवा पसरायचा, तो फळाचा रस पितो आणि तळ ओला राहत नाही. फळांवर तीन-चार चमचे साखर, आंबट असतील तर जास्त. कड आत घेताना मोदकाच्या पारीसारख्या चुण्या आपोआप पडतात, त्या नेमक्या करायला जाऊ नका. कडेला दुधाचा हात, वर थोडी साखर. चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. मधाची चकाकी दाखवतात ती आपण सोडायची. साखरेचा घट्ट पाक वरून फिरवला तरी तशीच चमकते.

दुपारी तीनला पीठ मळायला घेतलं तर तो साडेपाचपर्यंत निवून ताटात येतो, म्हणजे सूर्यास्ताच्या आधी सगळ्यांचं आरामात खाऊन होतं. सफरचंदाचा उत्तम होतोच, पण जूनमध्ये हिमाचलचे आलुबुखार बाजारात येतात तेव्हा एकदा त्यांचा करा. बिया काढून फोडी करायच्या आणि साल मात्र ठेवायची, ती काढली तर रस फार सुटतो आणि तो सुंदर लाल रंगही जातो.